आमची वाटचाल : आठ ओळी आणि एक ट्रान्झिस्टर

तुमचं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, गाणी रेडिओवर पोचवतो. समोरचा म्हणतो, म्हणजे कुरिअर? पूर्वी चिडायचो. आता म्हणतो, हो, कुरिअरच, फक्त पाकीट फोडलं जाईल ही जबाबदारीही आमची.

धंदा दोघांनी सुरू केला, मी आणि मास्तर. मास्तर गाणं शिकवायचे नाहीत, रेकॉर्डिस्ट होते. उभी हयात मिक्सरमागे गेलेली. सीडीचे दिवस होते. दिवसभर बर्नर चालू आणि रात्री पाकिटं भरायची. बाकीचे लोक पाकिटात कलाकाराचा चकचकीत फोटो आणि चार पानी चरित्र कोंबायचे. मास्तरांनी पहिल्याच दिवशी दंडक घातला : एक कागद, आठ ओळी. गाणं. गायकाचं नाव आणि त्याचा उच्चार. बोली कुठली. एका वाक्यात अर्थ. लांबी. इंट्रोचे, म्हणजे आवाज लागण्याआधीच्या वाद्यांचे, सेकंद. शेवट तुटतो की विरतो. फोन नंबर. बास.

‘इंट्रो १३, शेवट तुटक’ एवढं दिसलं की आरजेला कळतं, तेरा सेकंद बोलायला मिळाले आणि शेवटाला माइक तयार ठेवायचा. नवं गाणं चांगलं असतं म्हणून वाजतं, हा कलाकारांचा गोड गैरसमज. ते वाजतं, कारण लावणाऱ्याला त्याची अडचण होत नाही. चांगलं असावं लागतंच, पण तो मुद्दा पाकीट फुटल्यानंतरचा. १९७८ साली बीबीसीचे आरजे जॉन पील यांनी उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या अंडरटोन्स या पोरांच्या बँडचं गाणं लागोपाठ दोनदा लावलं, ही गोष्ट प्रत्येक नवा कलाकार मला ऐकवतो. खरी आहे. पण दर स्टेशनात पील बसलेले नसतात.

आता ट्रान्झिस्टरबद्दल. मास्तरांनी एक खिशातला जुना ट्रान्झिस्टर उघडला, व्हॉल्यूमच्या बटणापाशी दोन तारा डागल्या आणि मागून पिन बाहेर काढली. कॉम्प्युटरवरचं गाणं त्या तळहाताएवढ्या स्पीकरवर ऐकायचं. ते त्यावर कळलं तरच पाकिटात जायचं. स्टुडिओचे महागडे मॉनिटर स्पीकर शेजारी धूळ खात होते.

त्या डब्याने आमची लाज राखली ती ताईंच्या वेळी. ताई आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहक, स्वतःच्या बोलीत स्वतःची पदं गातात. दुसऱ्या गाण्याला अरेंजरने कोरस असा पसरवला होता की हेडफोनवर अंगावर काटा यावा. ट्रान्झिस्टरवर लावला आणि कोरस गायब. ताई एकट्याच गातायत, मागे टाळ्या. ताई म्हणाल्या, “भाऊ, माझ्या बायका कुठं गेल्या?” झालं होतं असं, की रुंदी आणण्यासाठी एका बाजूची फेज, म्हणजे ध्वनिलहर, उलटी केलेली. एफएममध्ये डावं-उजवं यांची बेरीज मुख्य सिग्नलात जाते, फरक वेगळा वरच्या फ्रिक्वेन्सीवर चढवतात आणि १९ किलोहर्ट्झचा पायलट नावाचा सूर स्टिरिओची खूण देतो. मोनो रेडिओ फक्त बेरीज ऐकतो. उलट्या फेजची बेरीज शून्य. सिग्नल पडला की गाडीतला रेडिओही गुपचूप मोनोकडे सरकतो. अरेंजर रुसला, पण कोरस पुन्हा मिक्स झाला.

तर आता तो विषय. टाळणार होतो, पण वाटचाल लिहायची आणि हे गाळायचं म्हणजे खोटं.

पाकिटं भरायला आम्ही एक मुलगा ठेवला होता. हुशार, गोड बोलणारा. आमची एक वही होती : कुठल्या स्टेशनात नवी गाणी ऐकायची बैठक कोणत्या वारी, कोणाला संथ चालत नाही, कोण फोनवर वैतागतं पण चिठ्ठीला उत्तर देतं. अकरा महिन्यांनी मुलगा गेला आणि महिन्याभरात त्याने स्वतःचं ऑफिस थाटलं. वही आमच्याकडेच होती. झेरॉक्स त्याच्याकडे. त्याची जाहिरात एका ओळीची : ‘हमखास वाजवून देतो.’ आमचे तेवीस कलाकार होते, त्यातले सतरा गेले. एकेकाला मी फोन केला. बहुतेकांचं उत्तर एकच, “दादा, तुम्ही प्रयत्न करतो म्हणता, तो देतो म्हणतो.”

आणि तो देत होता! आत कुणाचा तरी हात ओला करून पहाटे तीनला गाणं लागायचं, त्याचं रेकॉर्डिंग कलाकाराला जायचं, कलाकार ते गावभर मिरवायचा. या प्रकाराला जगात पेओला म्हणतात आणि तो जुना रोग आहे. अमेरिकेत त्यावर संसदेची चौकशी बसली, १९६० मध्ये कायदा दुरुस्त झाला : पैसे घेऊन वाजवलं तर ते श्रोत्यांना सांगा. ॲलन फ्रीडसारख्या नामवंत आरजेची कारकीर्द त्यात संपली. आमच्या त्या मुलाचं काय झालं? काही नाही. बोभाटा झाला, स्टेशनांनी बाहेरून येणारं सगळंच बंद केलं आणि सुक्याबरोबर आम्ही ओले जळालो. तीन महिने एकही पाकीट फुटलं नाही. परत आलेले गठ्ठे मी दाराआड रचत होतो. त्या काळात ऑफिसचं भाडं कुठून जात होतं ते मला उशिरा कळलं. मास्तरांनी आपला कंडेन्सर माइक विकला होता. मी विचारलं तर म्हणाले, “मला आता वरचं ऐकू येत नाही, मग त्याचा काय उपयोग?” मला ते आजही पटलेलं नाही.

सुटका झाली ती एका गैरहजर पाहुण्यामुळे. लोकसंगीताचा रात्रीचा थेट कार्यक्रम, पाहुणा आला नाही. कार्यक्रम बघणाऱ्या बाईंनी खण उघडला, त्यात आमचा जुना कागद, आठ ओळी, शेवटच्या ओळीत नंबर. चाळीस मिनिटांत ताई एकतारी घेऊन तिथे हजर. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन : “असे कागद अजून आहेत का?” दाराआडचा गठ्ठा मी स्वतः नेऊन दिला.

नंतरची नऊ वर्षं बरी गेली.

नव्या लोकांसाठी चार गोष्टी, कुणी विचारल्या नसल्या तरी. मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, आवाज दाबून मोठ्ठा करून आणू नका. स्टेशनचं आवाज सारखा करणारं यंत्र, प्रोसेसर, तो पुन्हा दाबतं. प्रक्षेपणात वरचे सूर मुद्दाम उचलतात, म्हणून घरी बरा वाटणारा ‘स’ तिथे सुईसारखा टोचतो. आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक, त्याचे बारा अक्षर-अंक फाइलमध्ये भरा, नाहीतर गाणं वाजेल आणि हिशोबात तुमचं नाव नसेल. पद तुमचं असेल तर गीतकार-संगीतकार म्हणूनही नोंद करा. अमेरिकेत तर एएम-एफएम स्टेशनं रचनाकाराला मानधन देतात, गाणाऱ्याला नाही. दार कुठे उघडं आहे तेही बघा : नव्या कलाकारांसाठी ऑस्ट्रेलियात ट्रिपल जे हे रेडिओ स्टेशन १९९५ पासून ‘अनअर्थ्ड’ चालवतं, बीबीसीचं ‘इंट्रोड्युसिंग’ २००७ पासून आहे. आणि रेडिओवर आपल्या भाषेतल्या गाण्यांचा कोटा आला की सगळं सुटेल असं म्हणू नका. फ्रान्सने आपल्या भाषेतल्या गाण्यांना ४० टक्के जागा दिली, तर स्टेशनांनी तीच ती दहा गाणी फिरवून ती भरली. शेवटी २०१६ मध्ये त्या दहांच्या अतिरेकालाच कायद्याने लगाम घालावा लागला.

मास्तर आता येत नाहीत, फोनवर असतात. ट्रान्झिस्टर माझ्या टेबलावर आहे, पिन सैल झाली आहे, बोटाने दाबून धरावी लागते. परवा ताईंचं नवं गाणं आलं. इंट्रो ४२ सेकंद.

मी फोन लावला. म्हटलं, “ताई, बेचाळीस?”

“भाऊ, आधी ऐक तरी.”

पिन धरून ऐकलं. कापायला मला एकही जागा सापडली नाही. कागदावर तसंच लिहिलं : इंट्रो ४२.