दुसऱ्याच्या गाडीला हात लावताना

चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत पणजीच्या बाजाराजवळ दुचाकी लावायला जागा मिळाली, तर निम्मी चतुर्थी पार पडली असे खुशाल समजावे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मला दोन मोटरसायकलींच्या मधली फट दिसली आणि मोठ्या समाधानाने मी स्कूटर तीत घुसवली, सवयीने हँडल डावीकडे वळवून लॉक केले आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या छताचे, सामान आणायला आत शिरलो. तासाभराने एका हातात केळीचा घड, दुसऱ्या हातात सुपारीचा घोस आणि काखेत तोरिंग, म्हणजे पपनस, अशा अवस्थेत परत येतो, तो चार अनोळखी माणसे माझी स्कूटर चारी बाजूंनी धरून पालखीसारखी उचलत होती. त्यांतल्या एकाची मोटरसायकल माझ्यामागे अडकली होती. बाकीचे तिघे केवळ शेजारधर्म म्हणून आले होते. कोणी भांडले नाही. स्कूटर खाली ठेवून त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी हात झटकले आणि एवढेच म्हणाले, "लॉक घरा मार रे बाबा, हांगा न्हय." म्हणजे लॉक घरी लाव, इथे नको.

या वाक्याने मला बराच काळ विचारात पाडले, कारण पोलिसांपासून विमा कंपनीपर्यंत सगळे जण नेमके उलटे सांगतात. गाडी सोडून जाताना हँडल लॉक करा, किल्ली विसरू नका, हे गाडी शिकवणारा पहिल्या दिवशी शिकवतो. कायदाही त्याच बाजूचा आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्याचे 126वे कलम म्हणते, की चालक जवळ नसताना रस्त्यावर उभ्या असलेल्या वाहनाचे इंजिन बंद असावे आणि ब्रेक लावून किंवा अन्य उपाय करून ते चुकूनही हलणार नाही याची तजवीज केलेली असावी. म्हणजे कायद्याला गाडी न हलणारी हवी, आणि गर्दीच्या ओळीतल्या शेजाऱ्यांना ती हलवता येणारी हवी. 'चुकून' या शब्दापाशी दोघांचा समेट होऊ शकतो, असे मला वाटते; कारण चौघांनी मिळून वीतभर सरकवलेली गाडी चुकून हललेली नसते.

कायद्यातल्या बाकीच्या गोष्टी सरळ आहेत आणि त्यांबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. धोका किंवा अडथळा होईल अशा जागी वाहन सोडू नये, हे 122वे कलम सांगते. वळणावर, चौकाजवळ, पदपथावर, बसथांब्यापाशी, शाळेच्या वा इस्पितळाच्या दारात आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाला खेटून दुसऱ्या रांगेत गाडी लावू नये, हे 1989च्या रस्ता नियमांत होते आणि 2017मध्ये त्यांच्या जागी नवी नियमावली आली तरी मतलब तोच राहिला. 127व्या कलमाप्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली, किंवा सार्वजनिक जागी दहा तास वा त्याहून अधिक काळ बेवारशासारखी सोडलेली गाडी उचलून नेता येते. दहा तासांचा हिशेब कोणी काटेकोरपणे लावला, तर आमच्या वाड्यावरच्या वडाखाली पानाफुलांनी मढलेल्या दोन स्कूटरींची रवानगी केव्हाच झाली असती. तिथे एका मांजरीने गेल्या वर्षी पिल्ले घातली.

पण दुचाकी लावण्याची खरी कला या कलमांत सापडत नाही. ती ओळीत सापडते. चांगल्या ओळीत सगळ्या गाड्या एकाच कोनात तिरक्या असतात, मागचे चाक पदपथाच्या कडेला आणि तोंड रस्त्याकडे, म्हणजे निघताना मागे वळून वाहनांच्या लोंढ्यात शेपूट घालावे लागत नाही. साइड स्टँडमुळे प्रत्येक गाडी डावीकडे कलते, त्यामुळे ओळीत शेवटी येणाऱ्याने आपल्या डावीकडची जागा आधी पाहायची असते. उजवीकडच्या शेजाऱ्याचा भार आपल्यावरच येणार आहे, हे तो धरूनच चालतो. गर्दीच्या जागी डबल स्टँड लावणे हे सभ्यपणाचे लक्षण, कारण सरळ उभी गाडी टीचभर कमी जागा खाते आणि तिला धक्का लागला तरी शेजारणीच्या अंगावर कलंडत नाही. हे कष्ट घेणारे मात्र झपाट्याने कमी होत चालले आहेत. पायाच्या एका फटकाऱ्यात होणारे काम असताना दोन्ही हातांनी गाडी मागे ओढायची कोणी?

ओळ कशी धरावी हे पाहायचे असेल, तर पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने माणसे नेणाऱ्यांच्या, थांब्यावर जाऊन उभे राहावे. पुढचा मडगार्ड पिवळा असलेल्या या भाड्याच्या मोटरसायकली गोव्याबाहेरच्या पाहुण्याला नवलाच्या वाटतात. आम्हाला त्या बसस्टँडचाच भाग वाटतात. पहिला पायलट गिऱ्हाईक घेऊन निघाला, की मागचे सगळे खाली न उतरता, इंजिन सुरू न करता, पायांनी जमीन ढकलत आपापली गाडी एकेक जागा पुढे घेतात. इथे हँडल लॉकचा प्रश्नच येत नाही. एखादा चहाला गेला असेल तर त्याची गाडी मागचा माणूस पुढे सरकवतो, आणि परत आलेला पायलट ती मूळ जागी न शोधता बरोबर दोन जागा पुढे शोधतो. त्याला कोणी सांगावे लागत नाही.

फेरीबोटीवर हाच धडा अधिक कडक होतो. रायबंदरहून चोडणला जाताना खलाशाच्या हाताच्या इशाऱ्याने दुचाक्या चारचाकींच्या फटींत अशा भरल्या जातात, की आपल्या गुडघ्याला शेजाऱ्याचा सायलेन्सर किती तापलेला आहे ते कळते. बोट हलते म्हणून बरेच जण गाडीवर बसूनच राहतात. जो उतरतो तो लांब जात नाही, आणि हँडल लॉक तर कोणी करतच नाही, कारण पलीकडे फळी खाली पडली की ज्याची गाडी सगळ्यांत पुढे, त्याने क्षणभरही वेळ लावला तर मागचे पन्नास हॉर्न त्याला काय म्हणतात ते सांगायला नको. दहा मिनिटांच्या त्या प्रवासात शहरभर एकमेकांना कोपराने ढकलणारी माणसे इतकी शहाणी कशी होतात, याचे मला कोडे आहे. कदाचित चारी बाजूंना पाणी असल्यामुळे असेल.

दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचाच झाला, तर कुठे लावावा, हेही ठरलेले असते. मागची दांडी धरून चाक अलगद उचलायचे आणि वीत-दोन वीत बाजूला ठेवायचे, एवढाच अधिकार आपल्याला आहे. आरसा धरून ओढू नये. सीट धरून ओढली तर शिवण उसवते. हुकाला लावलेल्या पिशवीत मासळी आहे की अंडी हे माहीत नसताना झटका देऊ नये. आणि काम झाल्यावर स्टँड पुरता टेकला आहे ना, हे वाकून पाहावे. मी एकदा ते पाहिले नाही आणि पाठ वळताच मागे पाच गाड्या एकापाठोपाठ आडव्या झाल्याचा आवाज ऐकला. त्या पाचही उभ्या करीपर्यंत मला जो घाम आला, तो मे महिन्याचा नव्हता. मात्र कोणाच्याही गाडीवर बसून मोबाइल पाहत वाट बघणाऱ्यांना मी अजून माफ करू शकलेलो नाही. सरकवणे ही गरज आहे, बसणे हा आगाऊपणा आहे.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या स्कूटरींना मी या हिशेबातून सूट देतो. ती गाडी त्या पाहुण्याची नसते, तिच्यावर त्याची अनामत अडकलेली असते, त्यामुळे तो हँडल, डिकी आणि जमल्यास चाकसुद्धा लॉक करून जातो. अशी गाडी ओळीत मध्येच आली तर तिला खांब समजून बाकीची ओळ तिच्या भोवतीने लावावी.

पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर मात्र हा सारा व्यवहार बदलतो. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवणे हा शेजाऱ्यांवर उपकार नसून संकट असते. तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये टाकावी, म्हणजे स्टँडवरून घसरत नाही. बिनगिअरच्या काही स्कूटरींच्या डाव्या ब्रेकला अडकवायची एक छोटी खिट्टी असते, तिचा उपयोग चढावर राहणाऱ्यांनाच माहीत. उन्हाळ्यात डांबर मऊ होते आणि पावसात लाल माती, दोन्हीकडे स्टँडचा टोकदार पाय हळूहळू आत जातो, म्हणून डिकीत चिऱ्याचा चपटा तुकडा बाळगणारे लोक मी पाहिले आहेत. म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत कापणी झालेल्या शेतांत गाड्या लावतात, तेव्हा असा तुकडा असलेला माणूस निर्धास्तपणे खाजे विकत घेत हिंडतो. सावलीचा मोह सगळ्यांनाच असतो. पण माडाखालची सावली कितीही मोकळी दिसली तरी गोव्यातला माणूस आधी मान वर करून पाहतो.

त्या चतुर्थीपासून गर्दीच्या ओळीत मी हँडल लॉक करीत नाही. किल्ली खिशात, गाडी सपाट रस्त्यावर, हँडल मोकळे. चोरीची धास्ती मनात असतेच, आणि घरी आल्यावर दोन्ही लॉक लावतोच. बाजारातून परत येतो तेव्हा स्कूटर कधी हातभर डावीकडे गेलेली असते, कधी दोन गाड्या ओलांडून पलीकडे; कोणी सरकवली हे कळत नाही आणि विचारायचीही पद्धत नाही. परवा ती होती तिथेच होती, फक्त शेजारच्या मोटरसायकलीला वाट करून देण्यासाठी कोणीतरी उजवा आरसा आत वळवला होता. त्यात रस्ता दिसत नव्हता. समोरच्या जुन्या घराची गॅलरी, तिच्यावर वाळत घातलेली एक निळी छत्री आणि माझी अर्धी हनुवटी दिसत होती. मी आरसा जागेवर आणला, डाव्या बाजूच्या गाडीचा स्टँड नीट टेकलेला आहे ना ते पाहिले, आणि निघालो.