जोडीतला दुसरा सिंह

गुजरातच्या गीर जंगलात, सासणच्या रस्त्यालगत, सागाच्या वाळक्या पाचोळ्यात दोन नर सिंह पसरले होते. त्यातला एक उठला, दुसऱ्याच्या मानेवर कपाळ घासलं आणि अख्खं धूड त्याच्या अंगावर टाकून पुन्हा लोळला. जिप्सीतल्या सगळ्यांच्या तोंडी एकच, "काय दोस्ती आहे!"

दोस्ती आहेच, पण वाटणी बघा. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या स्तोत्र चक्रवर्ती आणि यादवेंद्रदेव झाला यांनी गीरमधल्या अशा जोड्यांचा माग ठेवला. २०१७ साली त्यांचा अभ्यास छापून आला. जोडीत एक नर वरचढ असतो. मीलनाच्या ७० टक्क्यांहून जास्त संधी तोच घेतो, शिकारीतही मोठा वाटा त्याचाच. दुसऱ्याला उरलंसुरलं. तरी तो जोडी सोडत नाही, कारण एकट्या नराला इलाखा टिकवणं महाकठीण. आणि इलाखा गेला की विषयच संपला: नवे नर येतात ते आधीच्यांचे छावे अनेकदा मारतात.

मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात मी स्वतः कमी टक्क्यांचा भागीदार आहे, त्यामुळे माझा जीव या दुसऱ्या सिंहात अडकला. लग्नसराईत एकट्याने मंडप उभा करायला जा, म्हणजे हा सिंह जोडीत का टिकतो ते कळेल.

पण याला मर्यादा आहे. आफ्रिकेत सेरेंगेटीत सिंहांचे अभ्यासक क्रेग पॅकर आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासले, तेव्हा दिसलं की परके नर एकत्र येतात ते दोघे-तिघेच. टोळी त्याहून मोठी असली तर सगळे एकमेकांचे नातलग. मोठ्या टोळीत काहींच्या वाट्याला पिल्लं जवळपास येतच नाहीत. एवढा तोटा सख्ख्या भावासाठी सोसता येतो, कारण त्याच्या पोरांतही आपलं रक्त असतंच. परक्यासाठी कोण सोसणार?

यावरून माणसाबद्दल बोलायला मी कचरतो. आपले जवळचे नातेवाईक चिंपांझी. त्यांच्यात नर जन्मल्या टोळीतच राहतात, माद्या बाहेर जातात. एकमेकांचे केस तासन् तास विंचरणं, माकड मारलं की मांस वाटून खाणं, हद्दीवर मिळून गस्त घालणं, हे सगळं मुख्यतः नरांचं. तेव्हा हे भाऊभाऊच असणार, असं वाटेल. पण युगांडातल्या न्गोगो इथल्या चिंपांझी नरांची डीएनए चाचणी केली, तर घट्ट जमलेल्या बऱ्याच जोड्या जवळच्या नात्यातल्या निघाल्याच नाहीत.