बारा गावचं पाणी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आइस हॉकीच्या मॅचहून परतलो. पोरगी गाडीतच झोपली; तिला उचलून वर नेताना खांदा भरून आला. अमेरिकेतल्या आमच्या या कोलंबसच्या संघानं गोल केला की स्टेडियमच्या आतच ठेवलेली तोफ उडवतात. इथे येऊन दुसरं वर्ष, तरी मी दर वेळी दचकतो आणि ती मला हसते.

मध्यंतरात तिला सांगत होतो की तो हॉकीपटू कोल सिलिंजर याच गावात जन्मला. मे २००३. त्याचा बाप माइक तेव्हा याच संघाकडून खेळायचा. "मग तो इथेच मोठा झाला?" नाही गं. बाळ दोन महिन्यांचं होतं तेव्हाच बापाची बदली झाली.

हॉकीवाले त्याला ट्रेड म्हणतात. मला बदलीच वाटते, आणि तीही आमच्या वडिलांच्या सरकारी नोकरीतल्यापेक्षा वाईट. वडिलांना निदान मुंबईला जाऊन साहेबांना भेटता यायचं. इथे करारात तशी अट नसेल तर खेळाडूला विचारतसुद्धा नाहीत. करार तोच, पगार तोच. फोन येतो आणि बॅग भरायची. माइकच्या बाबतीत तर २२ जुलै २००३ या एका दिवसात दोनदा झालं. कोलंबसनं त्याला डॅलसला दिलं आणि डॅलसनं त्याच दिवशी फिनिक्सला. डॅलसची जर्सी अंगाला लागलीच नाही, म्हणून माइकच्या संघांची मोजणी बारावर राहिली.

डेट्रॉइट, अ‍ॅनाहाइम, व्हँकूवर, फिलाडेल्फिया, टँपा, फ्लोरिडा, ओटावा, कोलंबस, फिनिक्स, सेंट लुइस, नॅशव्हिल, न्यूयॉर्क आयलँडर्स. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये, इतक्या संघांकडून दुसरं कुणी खेळलेलं नाही. आई याला 'बारा गावचं पाणी प्यालेला' म्हणाली असती. तिच्या तोंडी ते कौतुक नसतं. अशा माणसाला ती उसनं देत नाही.

मीही आधी तसंच धरून चाललो होतो, की कुठे टिकत नसेल, म्हणून फिरवत असतील. मग १९८९चा ड्राफ्ट, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात ती यादी, वाचला आणि जरा थबकलो. डेट्रॉइटनं त्या वर्षी पहिली निवड कुणाची केली? याची. कॅनडात सस्कॅचवानमधल्या रेजायनाचा पोरगा, सगळ्या मिळून अकरावा. त्याच डेट्रॉइटनं त्यानंतर निकलास लिडस्ट्रॉमला ५३वा घेतला आणि सर्गेई फेदोरोवला ७४वा! लिडस्ट्रॉम वीस हंगाम तिथेच राहिला, १,५६४ सामने खेळला, चारदा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, उचलला. आणि पहिल्या पसंतीचा हा? यायझरमन आणि फेदोरोवसारखे दिग्गज सेंटरला, म्हणजे आघाडीत मधल्या जागी, असताना तिसऱ्या सेंटरला बर्फावर जागा ती किती मिळणार. १९९५च्या एप्रिलमध्ये अ‍ॅनाहाइमला रवानगी. दोन वर्षांनी डेट्रॉइट जिंकलं. पुढे २००४ला टँपा जिंकलं, २००७ला अ‍ॅनाहाइम. हा केव्हाच तिथून निघालेला. कप त्याच्या हाताला लागलाच नाही. वाचताना मलाच चुकचुकल्यासारखं झालं.

पण मग १,०४९ सामने कसे झाले? सतरा हंगाम कुणी फुकट खेळवत नाही. तो फेसऑफचा उस्ताद होता. पंच दोघांच्या मधे पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टाकतो, तो आपल्या बाजूला ओढायचा, एवढंच काम, पण शेवटच्या मिनिटाला त्यावरच सामना फिरतो. शिवाय आपला माणूस शिक्षेवर बसलेला असताना चारांनी पाचांना थोपवायचं, तेही तो करायचा. अशी माणसं हंगाम संपत आला की प्रत्येकाला हवी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या किती बदल्या झाल्या ते पाहिलं की कळतं. लग्नसराईत चांगल्या आचाऱ्याला मिळतात तशी बोलावणी. सगळ्यात जास्त गोल, ३२, त्यानं २००५-०६ला केले, चौतिसाव्या वर्षी. आणि त्याच हंगामात मधूनच सेंट लुइसहून नॅशव्हिलला! २००९ला कमरेच्या सांध्यानं थांबवलं.

बारांतले दोनच संघ त्यानं स्वतः निवडले: आयलँडर्स आणि त्याआधी कोलंबस. म्हणजे पोरगा जन्मला ते गाव निदान त्याच्या मर्जीचं होतं. याच संघानं २०२१ला त्या पोराला बाराव्या क्रमांकावर घेतलं. बापापेक्षा एक नंबर मागे. घरात यावरून किती चिडवत असतील.

हे सगळं हिला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. आमचं हे पाचवं शहर, सगळी माझ्या कॉन्ट्रॅक्टमुळे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन महिन्यांचं बाळ घेऊन घर हलवायचं. बाळंतिणीनं. तेही लिहितात का रे तुझ्या त्या आकड्यांत?"

गोल, असिस्ट, फेसऑफ, शिक्षेची मिनिटं, सगळं लिहितात. मी गप्प बसलो.

गॅरेजमध्ये एक खोकं आहे, त्यावर तिच्या अक्षरात 'सोऱ्या, पुरणयंत्र, जपून'. तिसऱ्या शहरात बांधलं होतं. चौथ्यात उघडलं नाही, इथेही नाही. आत्ता खाली जाऊन टेप कापून ठेवलीय. सोऱ्याची एक चकती सापडत नाहीये.