मार खाण्याची तालीम

मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा तास संपत आला की एक हात वर येतोच. ‘मॅडम, समोरचा मारतोय, अंगावर थुंकतोय, अन् आपण नुसतं बसून राहायचं. ह्याने होतं काय?’ मुलांचं सोडा, व्याख्यानाला आलेली मोठी माणसंही चहाच्या वेळी बाजूला घेऊन हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. विचारणाऱ्याच्या आवाजात चीड असते, तीही मला आवडते. उत्तर देताना मी किंग यांना जरा बाजूला ठेवते आणि त्यांचे सहकारी, अहिंसक लढ्याची तालीम देणारे काळे पाद्री जेम्स लॉसन यांच्याबद्दल सांगते. एक तर ते आमच्या नागपुरात राहून गेले. दुसरं म्हणजे, ‘नुसतं बसून राहण्या’साठी किती कष्ट पडतात, ते त्यांच्यामुळे मला कळलं.

लॉसन १९२८ साली पेनसिल्व्हेनियात जन्मले आणि ओहायोतल्या मॅसिलन गावात वाढले. वडील पाद्री, पण पिस्तूल बाळगणारे. जिमी चौथीत असेल. आईने काही कामाला पाठवलं होतं. वाटेत उभ्या असलेल्या मोटारीतून एका गोऱ्या पोराने त्याला रंगावरून शिवी हासडली. जिमी गेला आणि त्याच्या मुस्काटात देऊन आला. घरी येऊन फुशारकीने सांगू लागला, तेव्हा आई स्वयंपाक करत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. ‘त्याने काय भलं झालं, जिमी?’ एवढं विचारलं, आणि ह्याहून चांगला काही मार्ग असलाच पाहिजे, असं म्हणाली. माझे विद्यार्थी विचारतात तोच प्रश्न त्या माउलीने उलट्या बाजूने विचारला होता.

कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची भरती सुरू झाली तेव्हा लॉसन यांनी नकार दिला आणि १३ महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ साली मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. मुलांना खेळ शिकवायचे, गांधींबरोबर काम केलेल्या माणसांना भेटायचे, वाचायचे. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी इथेच ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली, आणि आनंदाने ओरडलेच. हिस्लॉपमध्ये शिकलेल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं, ह्याची मला खंत वाटते.

१९५६मध्ये ते परतले. पुढच्या वर्षी ओबर्लिन कॉलेजात किंग भेटले. शिक्षण पुरं करून अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे वर्णभेद कायद्यानेच चालायचा तिथे, येईन, असं लॉसन म्हणाले, तर किंग म्हणाले, आत्ताच या, थांबू नका. म्हणून ते दक्षिणेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले.

माझ्या उत्तराचा गाभा नॅशव्हिलमध्ये आहे. एका चर्चच्या तळघरात लॉसन यांनी विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. पहिला विचार, लढायचं कशासाठी? वर्गाला येणाऱ्या काळ्या बायकांनी सांगितलं की बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानांत आमचे पैसे चालतात, पण तिथल्या खाण्याच्या काउंटरवर लेकरांना घेऊन घडीभर टेकता येत नाही. ठरलं, काउंटर. मग तालीम. काही मुलं गोरे गुंड व्हायची आणि बाकीच्यांना शिव्या घालायची, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायची, केस ओढायची, खुर्चीवरून खाली पाडायची. खाली पडलेल्याने डोकं कसं झाकायचं, एकालाच सगळा मार बसत असेल तर दुसऱ्याने मध्ये कसं जायचं, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे घोटून घेतलं जायचं. १९५९च्या अखेरीस दोन दुकानांत जाऊन चाचपणीही झाली. खरेदी करायची, काउंटरवर बसायचं, नकार मिळाला की मॅनेजरशी सभ्यपणे बोलायचं आणि उठून यायचं.

१३ फेब्रुवारी १९६०ला शंभराहून जास्त विद्यार्थी कामाला लागले. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, शिवीला शिवी नको, म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका, असे त्यांचे नियम लिहून काढलेले होते. २७ फेब्रुवारीला जमावाने त्यांना बदडलं आणि पोलिसांनी मार खाणाऱ्यांनाच धरलं. एक तुकडी गाडीत चढली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची. दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला. इकडे काळ्या कुटुंबांनी ईस्टरची खरेदीच बंद केली आणि दुकानदारांचे गल्ले रिकामे राहू लागले.

त्या दिवसांतलाच एक प्रसंग. कातडी जाकीट घातलेला एक गोरा तरुण लॉसन यांच्या अंगावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळून त्याने दिला. त्यांनी थुंकी पुसली, रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? ती दोघं इंजिनाबद्दल बोलू लागली.

ह्या विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर १९ एप्रिलला बॉम्ब पडला. हजारो माणसं मूकपणे महापौरांच्या कचेरीवर गेली. लॉसन यांच्या वर्गातल्या डायन नॅश हिने महापौरांना सर्वांदेखत विचारलं, रंगावरून भेद करणं तुम्हाला पटतं का? नाही, म्हणावं लागलं. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर काळ्या माणसांना खुले झाले. ‘ह्याने काय होतं’ विचारणाऱ्याला मी ही तारीख सांगते. नागपूरच्या कितीतरी मुलांना महाड घरातूनच माहीत असतं. तिथे मार बसल्यावरही बाबासाहेबांनी चिडलेल्या माणसांना आवरून धरलं होतं. त्यामुळे पुढचं फार समजवावं लागत नाही.

मग कोणीतरी टेनेसीतल्याच मेम्फिसचा विषय काढतं, कारण तिथे हे बिघडलं होतं, आणि काढावाच. फेब्रुवारी १९६८मध्ये तिथे कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि तेराशे कामगार संपावर गेले. लॉसन तिथे पाद्री होते, संपाच्या डावपेच समितीचे अध्यक्षही. किंग यांना त्यांनीच बोलावलं. पण २८ मार्चच्या मोर्च्यात काही पोरांनी काचा फोडल्या, पोलिसांनी एका सोळा वर्षांच्या मुलाला गोळी घातली. लॉसन यांना मोर्चा मागे फिरवावा लागला. नॅशव्हिलमध्ये कित्येक महिने घोटून घेतलं होतं. मेम्फिसच्या त्या गर्दीला तसं तयार करायला वेळ कुठे होता? ४ एप्रिलला किंग यांचा खून झाला. चारच दिवसांनी त्यांच्या पत्नी कोरेटा किंग मुलांना घेऊन मेम्फिसच्या मूक मोर्च्यात पुढे चालल्या. त्या दिवशी एक काच फुटली नाही. १६ एप्रिलला नगरपालिकेने कामगारांची युनियन मान्य केली.

लॉसन १९७४मध्ये लॉस एंजेलिसला गेले आणि वर्ग पुन्हा सुरू झाले. आता समोर हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या, इमारतींची सफाई करणाऱ्या, परदेशातून आलेल्या बाया-माणसं असायची. २०२४मध्ये, ९५व्या वर्षी ते गेले. म्हातारपणीही ते ह्या लोकांना शिकवत राहिले. पुढच्या वेळी मालकाने डोळे वटारले तर काय करायचं, ह्याचीच तिथे तयारी चालायची.