उपशाच्या पाण्यावरचा ऊस आणि भूपृष्ठ मॉडेल: माझा अनुभव

कोल्हापूरजवळच्या उसात एडी कोव्हेरियन्स टॉवरने (हवेच्या भोवऱ्यांतून वर जाणारी वाफ आणि उष्णता मोजणारा मनोरा) मोजलेल्या बाष्पीभवनाशी मी भूपृष्ठ मॉडेल, म्हणजे जमीन, पीक आणि हवा यांच्यातली पाण्याची-उष्णतेची देवघेव काढणारा संगणकी हिशोब, ताडून पाहिलं. आधी वेळ तपासली. निरभ्र दिवशी इथे सूर्य माथ्यावर येतो तो 12 वाजता नव्हे, सरासरी 12:33 च्या सुमारास. फेब्रुवारीच्या मध्याला 12:47, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:17. मोजलेलं ऊन तेव्हा कमाल नसेल तर घोळ जागतिक वेळ (UTC) आणि भारतीय वेळ यांतल्या साडेपाच तासांचा, नाहीतर नोंदीवर अर्ध्या तासाची सुरुवात लिहिली की शेवट, याचा. पाऊस मॉडेलला मि.मी. प्रति सेकंद लागतो, म्हणून अर्ध्या तासाचा आकडा 1800 ने भागला.

खरी तफावत निघाली एप्रिल-मेमध्ये. मॉडेलचं रान करपलेलं, टॉवरखालचा ऊस हिरवागार! मॉडेलला पाणी ठाऊक ते फक्त पावसाचं. मग पाणी पाजणाऱ्याकडून पाळ्यांच्या तारखा आणि तास घेतले. पंपाचा प्रवाह सेकंदाला 10 लिटर धरला तर तासाला 36,000 लिटर होतात. एकरावर 1 मि.मी. म्हणजे 4,047 लिटर, म्हणजे तासाला जवळपास 9 मि.मी. हे पाणी पावसाच्या रकान्यात घालू नये. मॉडेल त्यातलं काही पानांवर अडवतं आणि बाष्पीभवन फुगवतं. ते थेट मातीच्या वरच्या थराला दिलं.

मॉडेलचा ऊर्जेचा हिशोब (आलेली ऊर्जा विरुद्ध बाष्पीभवनात आणि हवा तापवण्यात गेलेली) नेहमी जुळतो, टॉवरचा सहसा 10 ते 30 टक्के कमी भरतो. दिवसाच्या सरासरीत 28 वॅट प्रति चौ.मी. म्हणजे 1 मि.मी. पाणी, त्यामुळे ही तूट किरकोळ नाही. जमिनीत जाणारी उष्णता मोजणारी पुरलेली तबकडी 8 सें.मी. खोल असेल तर तिच्यावरच्या ओल्या काळ्या मातीत साठणारी उष्णता मिळवलीच पाहिजे. तरी उरलेल्या तुटीसाठी बाष्पीभवनाची मालिका दोनदा वापरली: मूळ, आणि बोवेन गुणोत्तराने (हवा तापवणारी उष्णता भागिले बाष्पीभवनात जाणारी) तूट वाटून दुरुस्त केलेली. मॉडेल या दोहोंच्या मध्ये पडलं तर मी त्याला दोष देत नाही.

पावसाळ्यात थेंब सेन्सरवर बसतात, नोंदी गळतात. भरून काढलेले आकडे परीक्षेत घेतले नाहीत. तेही एक मॉडेलच. शिवाय फक्त उन्हावरून काढलेलं साधं रेषीय समीकरण शेजारी ठेवलं. 2015 च्या प्लंबर (PLUMBER) या भूपृष्ठ मॉडेलांच्या तुलनेत हवा तापवणाऱ्या उष्णतेच्या बाबतीत नावाजलेली मॉडेलं अशाच समीकरणापुढे हरली होती.

फड गुंठ्यांचे, आणि टॉवर मोजतो ते वारा येतो त्या बाजूचं रान, म्हणून नोंदी वाऱ्याच्या दिशेनुसार वेगळ्या केल्या. खोडवा आणि आडसालीची उंची, पानांची घनता निरनिराळी दिली. तोडीची तारीख चुकली तर मॉडेल रिकाम्या रानातही उभ्या उसाचं पाणी उडवत राहतं.