गडग्याच्या कडेकडेनं

रविवार, १९ ऑक्टोबर, रात्री साडेदहा

उद्या पहाटे अभ्यंगस्नान, चकल्यांचा पत्ता नाही, आणि मी निघाले दीड तास गाडी हाकत ध्यान करायला. यावरून सकाळी घरात जे बोललं जायचं ते बोलून झालं. "ध्यान घरी बसून होत नाही का?" होतं. पण आमच्या गटाचं आजचं ध्यान चालत करायचं होतं, तेही स्टॉर्म किंगला, पानं ऐन रंगात असताना. भाजणी डब्यात होती, ती कुठे पळून जाणार नव्हती.

स्टॉर्म किंग म्हणजे आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनहून उत्तरेला, हडसन नदीच्या खोऱ्यातलं शिल्पांचं रान. ५०० एकर कुरणं, टेकड्या, झाडी आणि मध्ये मध्ये घराएवढाली शिल्पं. १९६० साली सुरू झालं तेव्हा बेत चित्रांच्या संग्रहालयाचा होता. पुढे शिल्पं आली, ती बाहेर गवतावर गेली आणि आता इमारत नावापुरती उरली आहे.

आम्ही नऊ जण होतो, त्यात मराठी दोघीच. फोन गाडीत ठेवायचे, बोलायचं नाही, एका श्वासाला एक पाऊल टाकायचं, पुढच्या माणसापासून तीन पावलं अंतर राखायचं आणि पितळी वाटी वाजली की असाल तिथे उभं राहायचं. आमच्या गटप्रमुख बाई झेनवाल्या, म्हणजे जपानी बौद्ध ध्यानपंथातल्या. त्या याला किन्हिन म्हणतात. मला चंक्रमण हाच शब्द आठवतो. बोधगयेला बाबांबरोबर गेले होते तेव्हा महाबोधी मंदिराच्या भिंतीलगत तो ओटा पाहिला होता. बुद्ध जिथे येरझाऱ्या घालत होते म्हणतात, तिथे पावलांच्या जागी दगडी कमळं आहेत. बाबा तेव्हा म्हणाले होते, "पावलं बरीच जवळजवळ आहेत गं." त्या कमळांवरून एवढंच त्यांच्या लक्षात आलं होतं. आज कळलं की त्यांनी नेमकं पाहिलं होतं.

सुरुवातीला टेकडीवर शिल्पकार नोगुचींच्या 'मोमो तारो' या शिल्पापाशी जमलो. आतून पोखरलेले, चाळीस टनांचे ग्रॅनाइटचे दगड. लोकांनी आत बसावं म्हणूनच केलेले, त्यामुळे एक पोरगं आत शिरून "हॅलो" ओरडत होतं आणि दगडही त्याला "हॅलो" म्हणत होता. पाच मिनिटं शांत बसायचा बेत तिथेच मोडला. बाई हसल्या, म्हणाल्या, चला खाली.

खाली रानात आहे अँडी गोल्ड्सवर्दी या शिल्पकाराची भिंत. १९९७-९८ मध्ये बांधलेली, २,२७८ फूट लांब. इथलेच दगड वेचून, चुना-सिमेंट काही न लावता, नुसते एकावर एक बसवलेले. म्हणजे गडगाच की! गुहागरला आजोळी पावसाआधी गडगे घालायला गडी यायचे. दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचे आणि त्याची बाजू सापडली की 'टक्' करून बसवायचे. तो आवाज मला अजून येतो.

चालायला लागले आणि चौथ्या पावलाला झोकांडी गेली. सावकाश चालणं म्हणजे चालण्याचाच सोपा प्रकार, असं मी का धरून चालले होते कोण जाणे. शाळेत संथ सायकलच्या शर्यतीत मी दर वर्षी पहिल्यांदा पाय टेकायचे, ते विसरलेच होते. एक पाय हवेत असताना सगळा भार दुसऱ्या घोट्यावर येतो आणि तो घोटा अखंड लटपटत असतो. एरवी आपण त्याला लटपटायला वेळच देत नाही. लिंबू-चमच्यासारखी जीव मुठीत धरून दहा-बारा पावलं गेले. मग पुढच्या गृहस्थांचा बूट ऐकू यायला लागला. कुर्र. श्वास. कुर्र. त्या बुटाचा मला इतका संताप आला की ध्यान चांगलंच एकाग्र झालं, फक्त बुटावर. मनातल्या मनात त्यांना दुसरे बूट घेऊन दिले, त्यांचा रंगही ठरवला.

वाटी वाजली. मी थांबले ती नेमकी एका वळणाशी.

ही भिंत झाड आलं की वळसा घालते. सरळ जाता आलं असतं, पण नाही. या झाडाला डावीकडून, पुढच्याला उजवीकडून, अशी नागमोडी. आमच्याकडे गडगा म्हणजे हद्द. तो सरळच जायला हवा, आणि मध्ये फणस आला तर फणस कोणाचा यावर दोन पिढ्या कोर्टात. आजोबांचा आणि शेजाऱ्यांचा गडग्यावरून बारा वर्षं अबोला होता, हातभर जागेसाठी. इथे माझ्या नाकासमोर एका खोडाला कवेत घेतल्यासारखं वळण होतं. वळणाच्या आतल्या बाजूला बारके दगड, बाहेर मोठे. एका फटीत हिरवं शेवाळ, त्यावर एक लाल पान उभं अडकलेलं. वाटी पुन्हा वाजेपर्यंत मी ते पान पाहिलं. बूट आठवला नाही.

चाळीस मिनिटांत आम्ही त्या भिंतीच्या जेमतेम पाव भागाएवढं चाललो. तळ्याशी भिंत उतारावरून सरळ पाण्यात शिरते आणि पलीकडच्या काठाला बाहेर येते. तिथून मात्र नाकासमोर वर चढत थेट हायवेपर्यंत. गाड्यांची घरघर सतत होती, पण ती मला तळ्याशी उभी राहिल्यावरच ऐकू आली.

मग बोलायची मुभा मिळाली आणि सगळे एकदम बोलायला लागले. माया लिनचं 'वेव्हफील्ड' काठावरूनच पाहिलं. गवताच्या सात लाटा, दहा ते पंधरा फूट उंच. ती जागा पूर्वी रेती-खडीची खाण होती आणि तिथली खडी त्याच हायवेला गेली. म्हणजे ज्या रस्त्याची घरघर आम्ही ऐकत होतो, तो इथूनच खणून नेलेला. बूटवाल्या गृहस्थांनी मला थर्मासातला चहा दिला. गवती चहा घातलेला होता. वाईट वाटलं.

घरी पोचायला सात वाजले. "काय काय पाहिलंस?" "गडगा." यावर जी नजर मिळाली ती इथे लिहीत नाही.

भाजणी भिजवली, सोऱ्या काढला. पहिला घाणा तेलात विरघळला, मोहन जास्त झालं होतं. थोडी कोरडी भाजणी मळून पुन्हा घातल्या, त्या जमल्या. गुडघा दुखतोय. उटणं सापडत नाहीये, आणि गजर पाचचा लावलाय.