कालनिर्णयवरची टिंबं

अंगावर पित्त उठतं म्हणून नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त. जगभर हेच आहे, पुरुषांच्या साधारण दुप्पट. सहा आठवड्यांच्या पुढे रेंगाळलं की ते जुनाट पित्त, आणि बहुतेकांत त्याचं नेमकं कारण सापडत नाही, हे मी पहिल्या भेटीतच सांगून टाकते. कळव्याहून आलेल्या या बाईलाही तेच सांगितलं होतं.

सोबत सासूबाई होत्या. आमसुलाचं पाणी लावून झालेलं, जंतांचं औषध झालेलं, कोळंबी आणि अंडी कधीची बंद. “हिची प्रकृतीच पित्ताची हो डॉक्टर,” असा त्यांचा निकाल. दंडावर एक ताजी गांध होती. तिच्याभोवती पेनानं गोल काढून दिला: 24 तासांत विरली तर ठीक, काळानिळा डाग ठेवून गेली तर लगेच दाखवायला या. थायरॉइड आणि त्याच्या अँटिबॉडीज तपासायला दिल्या, कारण तो आजार आणि हे पित्त बऱ्याचदा जोडीनं असतात. शिवाय पित्त, पाळी आणि घेतलेली प्रत्येक गोळी, तिन्ही तारखेनिशी लिहायला सांगितलं.

पुढच्या वेळी तिनं पर्समधून कालनिर्णयची फाडलेली पानंच काढली. दुधाच्या हिशेबाशेजारी पाळीची फुली आणि पित्ताची टिंबं. रिपोर्ट नॉर्मल होते, पण मला आता त्यांत रस उरला नव्हता. प्रत्येक पानावर फुलीच्या आधीच्या आठवड्यात टिंबांची गर्दी, फुलीनंतर दोन-तीन दिवसांत पान स्वच्छ. फक्त फुलीच्याच दिवशी एक जाडजूड टिंब. त्या दिवशी ओठही सुजायचे.

त्या टिंबाचं उत्तर शेजारीच लिहिलेलं होतं: पोटदुखीसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिड. वेदनाशामकांच्या या घराण्यानं अनेकांचं जुनाट पित्त भडकतं. तिनं ते औषध म्हणून कधी मोजलंच नव्हतं. पाळीची गोळी कोण मोजतं!

आधीच्या टिंबांचं काय? पाळीपूर्वीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. त्वचेतल्या ज्या मास्ट पेशी हिस्टामिन, म्हणजे खाज आणि सूज आणणारं रसायन सोडतात, त्यांच्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन्ही हार्मोन्सना पकडणारे रिसेप्टर असतात. तरी साधं जुनाट पित्तही कितीतरी जणींचं पाळीआधी बळावतं, तेवढ्यावरून प्रोजेस्टेरॉनला आरोपी करता येत नाही. म्हणून विचारलं, हे सुरू कधी झालं?

“गेल्या गणपतीत.”

“तेव्हा पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती?”

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईच म्हणाल्या, “मीच आणून दिली. घरात गौरी होत्या.”

ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनचाच कृत्रिम भाऊबंद. सणाच्या तोंडावर ती किती सहज घेतली जाते, हे कुठल्याही केमिस्टला विचारा. अशा गोळीनंतर शरीर स्वतःच्याच प्रोजेस्टेरॉनवर बिथरल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत. विकार दुर्मिळ आहे, पण आहे. त्यासाठी त्वचेत टोचून करायची चाचणी असते. ती फारशी भरवशाची नाही. ही पानं मला जास्त बोलकी वाटली.

प्रोजेस्टेरॉन चढतं ते अंडोत्सर्गानंतर, म्हणून अंडोत्सर्ग थांबवणं हा एक उपाय. पण तिला दुसरं मूल हवं होतं, तेव्हा तो वाद तिथंच मिटला. बिलास्टिन हे हिस्टामिनला अडवणारं औषध रोज चालू केलं, पाळीआधीच्या दिवसांत डोस वाढवला. गरज पडली तर नेहमीच्या डोसच्या चौपटीपर्यंत जाता येतं. मेफेनॅमिक बंद, दुखलं तर पॅरासिटामॉल. पाळी ढकलायची गोळी पुन्हा नाही. एवढ्यानंही भागलं नाही तर जुनाट पित्तावरचं ओमालिझुमॅबचं इंजेक्शन, हेही सांगून ठेवलं. मूल राहण्याचं ठरलं की औषधांचा फेरविचार करायचा, म्हणून तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली.

नंतरच्या पानांवर जाड टिंब पुन्हा दिसलं नाही. आधीच्या आठवड्यात दोन-चार अजून असतात.

“मग आता कोळंबी खाऊ?” तिनं विचारलं.

जुनाट पित्तात खाण्याचा दोष क्वचितच असतो, बेलाशक खा, म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, “आधी थोडीच करू.”